जुने गोवे गाईडसह एका दिवसात कसे पाहावे: मध्ययुगीन राजधानी आणि तिच्या लढायांची ठिकाणे

गोवा दर्शनाच्या बसमधून जुने गोवे पाहणाऱ्याच्या वाट्याला फार तर तासभर येतो. तेवढ्या वेळात बासिलिका (बॉम जेझसचे चर्च) पाहून होते, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये एक फेरी होते आणि बस मंगेशीकडे निघते. अशा माणसाला भव्य चर्चे दिसतात, पण ही चर्चे ज्या शहरात उभी आहेत त्या शहरासाठी कोण कोणाशी आणि कुठे लढले, हे त्याला कळत नाही. गोव्यात नोकरी-व्यवसायासाठी नव्याने राहायला आलेल्या आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना काहीतरी नीट दाखवू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. आप्तेष्टांना आणि परिचितांना या वाटेने नेताना दिवसाचा जो क्रम सोयीचा ठरला, तोच येथे दिला आहे. हा क्रम बासिलिकेपासून नव्हे, नदीपासून सुरू होतो.

१. निघण्यापूर्वी पाण्याचा नकाशा समजून घ्या

तिसवाडी तालुका हे खरे तर एक बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन्ही नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. मांडवीच्या पात्रात त्याला लागून चोडण, दिवाडी, जुवे अशी लहान बेटे आहेत. राजधानी या पाण्याच्या आत होती. म्हणून ती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक फौजेला कुठेतरी उतार, म्हणजे पाणी उथळ असलेली जागा, शोधून पाणी ओलांडावे लागले. गोव्यातील बहुतेक मोठ्या लढाया तटापेक्षा उतारांवर झाल्या, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर दिवसभरातील सगळी ठिकाणे आपोआप एका ओळीत येतात.

घराण्यांचा क्रमही थोडक्यात माहीत असावा. कदंबांची राजधानी आधी चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदरला होती. अकराव्या शतकाच्या मध्यास ती झुवारीकाठच्या गोपकपट्टणाला आली. हे बंदर पुढे गाळाने भरत गेले आणि मांडवीकाठचे एला हे ठिकाण वाढू लागले. १४७२ मध्ये महमूद गावानने गोवा बहामनी सत्तेखाली आणला, त्यानंतर तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने तो पोर्तुगीजांसाठी जिंकला. १५३० पासून एला, म्हणजेच जुने गोवे, ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाली. रोगराईने शहर ओसरत गेले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलवले.

येथेच पहिला फसवा वळसा आहे. मोबाइलच्या नकाशात ‘गोवा वेल्हा’ शोधून निघालेले लोक पणजी-मडगाव रस्त्यावर पिलारजवळच्या गावात जाऊन पोहोचतात. ते गाव वेगळे. जुन्या गोपकपट्टणाचा परिसर तो. तुम्हाला जायचे आहे ते जुने गोवे पणजीच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर, मांडवीकाठी आहे. गाईडला किंवा टॅक्सीवाल्याला भेटण्याची जागा सांगताना ‘ओल्ड गोवा, गांधी सर्कल’ असे सांगावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

२. दिवस कोणता निवडावा

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात जुने गोवे अतिशय सुंदर दिसते हे खरे, पण जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि वयस्कर मंडळींना टेकडीवर नेणे धोक्याचे होते.

शुक्रवार टाळा. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि वीरगळ न पाहता केलेला हा फेरफटका अर्धाच राहतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा चालू असते आणि पर्यटकांना उशिरा प्रवेश मिळतो. २४ नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. त्या काळात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे याच संताच्या, दर्शनाला साऱ्या गोव्यातून भाविक येतात, रस्ते बदललेले असतात आणि इतिहास समजावून घेण्याजोगी शांतता कुठेच मिळत नाही. फेस्त पाहायचे असेल तर त्यासाठीच वेगळे यावे. झेवियरच्या अवशेषांचे दहा वर्षांतून एकदा होणारे प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात होऊन गेले आहे. त्यामुळे तशा गर्दीची चिंता तूर्त नाही.

आणखी एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही: ओहोटीची वेळ पाहून दिवस ठरवा. दुपारनंतर आपण ज्या खाड्या पाहणार आहोत, त्यांचा उतार सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळीच डोळ्यांना पटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि दिवस कलताना सुकती असते, म्हणून त्या तिथी या सहलीला सोयीच्या. खाडीत आत पाणी थोडे उशिरा उतरते, एवढे लक्षात ठेवावे.

३. गाईड कसा निवडावा

गोव्यात गाईडने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद केलेली असावी लागते. तेव्हा ओळखपत्र मागण्यात संकोच करू नका. नोंदणी असलेला गाईड ते स्वतःहून दाखवतो. बासिलिकेच्या वाहनतळावर ‘साहेब, दहा मिनिटांत सगळे सांगतो’ म्हणत मागे लागणारी मंडळी टाळलेलीच बरी.

बोलणी करताना चार गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. दर गटाचा आहे की माणशी. अर्ध्या दिवसाचा आहे की पूर्ण. गाईडचे जेवण आणि त्याचा परतीचा प्रवास कोणाकडे. आणि भाषा कोणती. मराठी सहज बोलणारे गाईड आहेत, पण शाळेच्या सहलींच्या हंगामात ते लवकर अडकतात, म्हणून आठवडाभर आधी बोलून ठेवावे. ठरलेले सगळे मोबाइलवर संदेशात लिहून घ्यावे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाकडून दिवसाच्या शेवटी ‘जुव्याचे वेगळे’ म्हणून जादा पैसे मागितले गेले होते. लिखित काहीच नसल्यामुळे त्यांना ते द्यावे लागले.

गाईडची पारख करायला मी दोन प्रश्न विचारतो. पहिला: १५१० मध्ये आल्बुकर्कने शहर किती वेळा घेतले? उत्तर दोनदा असे आहे. दुसरा: १६८३ मध्ये संभाजी महाराज कोणत्या बेटापर्यंत आले होते? उत्तर जुवे, म्हणजे सांत इस्तेव्ह. ज्याला ही दोन उत्तरे देता येतात, तो तुम्हाला चर्चच्या वेदीवरील सोन्याचे वजन सांगत बसणार नाही. ‘आम्ही फक्त चर्च दाखवतो’ असे जो प्रामाणिकपणे सांगतो, त्याला सकाळपुरता घेऊन दुपारचा भाग स्वतः करण्यासही हरकत नाही.

४. सोबत काय असावे

कागदपत्रे फारशी लागत नाहीत, पण जी लागतात ती लागतातच:

– प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ ओळखपत्र (आधार किंवा वाहन परवाना). गटात परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट. संग्रहालयाचे तिकीट त्यांना वेगळ्या दराने पडते.
– शाळा-महाविद्यालयाची सहल असेल तर संस्थेच्या पत्रमथळ्यावरील पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी.
– तिवई लावून चित्रीकरण किंवा ड्रोन वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी. जागेवर ती मिळत नाही.
– भाड्याची दुचाकी किंवा मोटार असेल तर तिची कागदपत्रे. भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीचे खाजगी वाहन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. पोलिसांनी थांबवले की दिवस तिथेच संपतो.

याखेरीज पाण्याची बाटली, टोपी, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट, आणि तिसवाडीचा एक छापील नकाशा घ्यावा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. ही चालती प्रार्थनास्थळे आहेत आणि अर्ध्या चड्डीत आलेल्यांना दारातून परत पाठवले जाते. बासिलिकेत वेदीसमोर उभे राहून स्वतःची छायाचित्रे काढणे चालत नाही.

५. सकाळी साडेआठ: घाटापासून सुरुवात

पणजीहून येताना बगलरस्त्याने न येता रायबंदरच्या रस्त्याने या. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा लांबच लांब पूल व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३० च्या दशकात बांधलेला आहे आणि त्यावरून आजही वाहतूक चालते. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांनी पणजीच्या कदंब स्थानकावरून फोंड्याकडे जाणारी, जुन्या गोव्यावरून जाणारी बस धरावी. चढताना वाहकाला विचारून घ्यावे, कारण सगळ्या बसेस आतून जात नाहीत. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडते.

गांधी सर्कलला उतरून बासिलिकेकडे न वळता सरळ दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत चालत जा आणि नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, १५९९ मध्ये ती उभारली गेली. कोसळल्यामुळे १९५४ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. नदीच्या बाजूला वास्को द गामाची मूर्ती आहे. कमानीखालून पलीकडे जाऊन मागे वळून पाहिले की शहराच्या बाजूला एक स्त्रीमूर्ती दिसते आणि तिच्या पायाखाली पगडी घातलेला एक पुरुष दिसतो. शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला या कमानीखालून न्यायचे, असा रिवाज होता. जिंकलेल्याने जिंकल्याची आठवण दगडात कशी रोवली, हे समजायला ही एक मूर्ती पुरे.

१५१० ची हकीकत गाईडकडून येथेच ऐका, कारण ती घडली ती या पाण्यावर. होन्नावरचा आरमारी सरदार तिमोजा याच्या सल्ल्याने आल्बुकर्क त्या वर्षाच्या आरंभी आला आणि फारसा प्रतिकार न होता शहर त्याच्या हाती पडले. मे महिन्यात आदिलशाही फौज पूर्वेकडचे उतार ओलांडून बेटावर उतरली आणि पोर्तुगीजांना गलबतांवर पळावे लागले. पावसाळा सुरू झालेला, मांडवीचे मुख बंद, समुद्रात जाण्याची सोय नाही. दोन्ही तीरांवरून तोफांचा मारा होत असताना ती गलबते ऑगस्टपर्यंत नदीतच अडकून राहिली. नोव्हेंबरमध्ये आल्बुकर्क नव्या आरमारासह परतला आणि २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या दिवशी, त्याने शहर पुन्हा घेतले. त्यानंतर शहरातील मुसलमानांची कत्तल झाली, हे त्याने स्वतः राजाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. पुष्कळ गाईड हा भाग गाळतात. तुम्ही तो विचारा.

कमानीपासून थोडे आत, सांत काजेतानच्या चर्चसमोरच्या बागेत, पायऱ्या आणि काळ्या पाषाणाची एक चौकट एकटीच उभी आहे. आदिलशाही राजवाड्याचे एवढेच काय ते उरले. १५५४ पासून १६९५ पर्यंत याच वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत होते. चौकटीवरील नक्षी नीट पाहिली तर तिची घडण हिंदू मंदिराच्या दारासारखी वाटते आणि तसा तर्क अभ्यासकांनी केलेलाही आहे. सहल-बसमधील लोक ही चौकट पाहतच नाहीत, ती बागेची शोभा समजून पुढे जातात.

६. सेंट कॅथरिनचे चॅपल, संग्रहालय आणि मोठी चर्चे

से कॅथेड्रलच्या पश्चिमेला झाडीत सेंट कॅथरिनचे लहानसे जांभ्या दगडाचे चॅपल आहे. आल्बुकर्क ज्या वेशीतून शहरात शिरला ती या जागी होती, असे गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये बसवलेला शिलालेख सांगतो. या चॅपलला १५३४ मध्ये कॅथेड्रलचा दर्जा मिळाला होता. आकार पाहून विश्वास बसत नाही.

त्याशेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. येथे निदान एक तास द्या. तळमजल्यावरचे वीरगळ आणि सतीशिळा हा माझ्या मते सकाळचा सर्वांत मोलाचा भाग आहे. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, ही मांडणी महाराष्ट्रातील वाचकांना गावोगावच्या वीरगळांवरून परिचित असेल; परंतु गोव्यात नौकांवरील लढाई कोरलेले वीरगळही सापडले आहेत. कदंबांचे राज्य आरमारावर उभे होते, ही गोष्ट पुस्तकातील दहा पानांपेक्षा अशा एका शिळेवरून लवकर पटते. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. तिची सुरुवात १५४७ च्या सुमारास जुआंव द काश्त्रु या व्हाइसरॉयने केली. त्या सगळ्या पाहत बसण्याची गरज नाही. आल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळाही येथेच आहे.

से कॅथेड्रल आणि बासिलिका यांच्याविषयी माहिती सर्वत्र मिळते, म्हणून येथे मोजकेच सांगतो. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले; त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढल्यामुळे तिचा जांभा आज उघडा दिसतो. आपल्या सहलीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती आतली शवपेटी. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठे दाराशी आले तेव्हा व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर येथे आला आणि आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चरणी ठेवून त्याने शहराच्या रक्षणासाठी प्रार्थना केली. हा प्रसंग येथे ऐकून ठेवा. त्याचा पूर्वार्ध दुपारी जुव्याला पाहायचा आहे. आज दिसणारी संगमरवरी समाधी मात्र त्यावेळी नव्हती. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने दिलेली ती समाधी १६९८ मध्ये बसवण्यात आली.

कॅथेड्रलच्या दक्षिणेस, रस्त्याकडेला काळ्या पाषाणाचा एक खांब आहे. लोक त्याला हातकातरो खांब म्हणतात. पोर्तुगीज काळात अपराध्यांना बांधून शिक्षा देण्याची ही जागा होती आणि इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) छळाची आठवण लोकमानसात या खांबाशी जोडली गेली आहे. इन्क्विझिशन गोव्यात १५६० पासून, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत होते, हे निर्विवाद. खांबाविषयी मात्र प्रत्येक गाईड वेगळी कथा सांगतो. ‘हे कुठे नमूद आहे?’ असे सौम्यपणे विचारत चला. भुयारांच्या आणि खजिन्यांच्या कथांनाही तोच प्रश्न लावावा.

७. साडेअकरा: दोन टेकड्या

बासिलिकेच्या पश्चिमेला मोंति सांतो ही टेकडी आहे. चढ सौम्य आहे, दहा मिनिटे पुरतात. वाटेत सांत आगुस्तीनच्या चर्चचे भग्नावशेष लागतात. १५९७ ते १६०२ या काळात बांधलेल्या या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि पुढे १९३१ मध्ये मनोऱ्याचाही मोठा भाग ढासळला. उरलेला मनोरा ४६ मीटर उंच आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष येथील उत्खननात मिळाले आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतील एक अवशेष जॉर्जियाला दिला.

टेकडीच्या टोकाला रोझरीचे चर्च आहे. १५१० च्या लढाईकडे आल्बुकर्क येथून पाहत होता अशी परंपरा आहे आणि त्याच्या नवसाची फेड म्हणून ते चर्च १५४० च्या दशकात बांधले गेले. गोल बुरुजांमुळे ते देवळापेक्षा गढीच अधिक वाटते. गाईडला येथे नकाशा उघडायला सांगा. खाली मांडवी, समोर दिवाडी. हल्ला कुठून आला, पळ कुठे काढला, हे सगळे एका नजरेत येते.

दुसरी टेकडी शहराच्या पूर्वेला आहे, अवर लेडी ऑफ द माउंट या चॅपलची. आदिलशाही फौजेने मे १५१० मध्ये शहरावर मारा करण्यासाठी येथे तोफा लावल्या होत्या, असे येथील शिलालेखात म्हटले आहे. चढण जरा दमवणारी आहे. गटात ज्येष्ठ नागरिक असतील तर ही टेकडी सोडली तरी चालेल, रोझरीची सोडू नये. एकट्याने या दुसऱ्या टेकडीवर जाऊ नये: चॅपल बहुधा बंद असते आणि परिसर अगदी निर्जन.

८. जेवण

जुन्या गोव्यात शाकाहारी थाळी आणि मासळीचे जेवण, दोन्ही मिळते. एकच्या आधी बसावे. दीडनंतर बसभर माणसे येतात आणि तासभर ताटकळावे लागते. सोबत लहान मुले असतील तर चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर भाजीपाव मिळतो, तो पुरतो.

९. दोन वाजता: बाणस्तारी

आता वाहन लागते. जुन्या गोव्याहून फोंड्याच्या दिशेने काही किलोमीटरवर कुंभारजुव्याच्या खाडीवर बाणस्तारीचा पूल आहे. येथे पाहायला इमारत अशी काहीच नाही आणि म्हणूनच गाईडची खरी परीक्षा येथे होते.

शहर गमावल्यावरही आदिलशाहीने हा उतार सोडला नव्हता. आल्बुकर्क मलाक्क्याच्या मोहिमेवर गेला असताना आदिलशाही सैन्याने येथे किल्ला भक्कम केला. १५१२ मध्ये परतल्यावर त्याने वेढा घालून तो रसूलखानाकडून घेतला. राजधानी खऱ्या अर्थाने पोर्तुगीजांच्या हाती सुरक्षित झाली ती त्यानंतर. पुढे १५७० च्या अखेरीस अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला तेव्हाही त्याची छावणी या खाडीच्या पलीकडेच होती. १५७१ चे बहुतेक वर्ष तो वेढा चालला, पण व्हाइसरॉय लुईश द आताईद याने उतार धरून ठेवल्यामुळे फौजेला पाणी ओलांडता आले नाही.

त्यानंतर चार शतकांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त करणाऱ्या भारतीय सैन्याच्या ऑपरेशन विजयमध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची एक तुकडी पणजीकडे निघाली ती याच बाणस्तारीच्या वाटेने आणि माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी तिला अडवण्याचा प्रयत्न केला तो पूल उडवूनच. शस्त्रे बदलली, विमाने आली, तरी तिसवाडीत शिरायचे तर पाणी ओलांडावेच लागले.

पुलावर वाहन थांबवू नका. रस्ता अरुंद आणि वाहतूक भरधाव आहे. बाणस्तारीच्या बाजाराकडे वाहन लावून खाडीकाठी चालत जावे. पाण्यात उतरण्याचा मोह आवरावा, कारण या खाडीत मगरी आहेत आणि ही गोष्ट मात्र गाईडने रचलेली नव्हे. पोर्तुगीजांनी शत्रूला अडवण्यासाठी त्या सोडल्या, हे पुढचे शेपूट ऐकून सोडून द्यावे.

१०. साडेतीन: जुवे, १६८३

सांत इस्तेव्ह या नावाने नकाशात सापडणारे जुवे बेट भाज्यांसाठी, विशेषतः भेंडीसाठी प्रसिद्ध आहे. आता तेथे पुलावरून जाता येते. बेटाच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. पडलेला तट, झाडोरा आणि समोर पाणी. महाराष्ट्रातील गडकोट पाहिलेल्यांना किल्ला म्हणून तो किरकोळ वाटेल, पण येथून जुन्या गोव्याचे अंतर किती थोडे आहे ते पाहा.

पार्श्वभूमी अशी: १६८३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हाइसरॉय आल्व्होरने मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी तो किल्ला झुंजवला, स्वतः संभाजी महाराज मदतीला धावून आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परतावे लागले. लगेच दोन आठवड्यांत, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांनी जुव्याचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय तो परत घेण्यासाठी चालून आला, पण त्याचा पराभव झाला. तो स्वतः जखमी झाला आणि कसाबसा पाणी ओलांडून निसटला. पाठलागात संभाजी महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. ती घडली ते पाणी हे. सुकती असेल तर चिखलाचा पट्टा आणि अरुंद झालेली धार दिसते आणि एका भरतीने काय फरक पडला असेल ते सांगावे लागत नाही.

औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोगल फौजेसह चालून येत असल्यामुळे मराठ्यांना पुढे माघारी वळावे लागले. धसका मात्र एवढा बसला होता की पुढच्याच काळात पोर्तुगीजांनी राजधानी मुरगावला हलवण्याचा निर्णय घेऊन तेथे बांधकामही सुरू केले. ते पुढे सोडून दिले गेले.

येथे दोन दक्षता घ्याव्यात. अवशेषांच्या सांदीत साप असतात, म्हणून तटावर चढू नये. आणि येथून परतीची बस किंवा ॲपवरची टॅक्सी मिळेल या भरवशावर येऊ नये. टॅक्सी दिवसभरासाठीच ठरवावी आणि थांबण्याचे पैसे दरात धरले आहेत याची खात्री करावी. आणखी एक: अनेकजण फर्मागुडीचा नूतनीकरण केलेला लहान किल्ला पाहून ‘वेढा येथेच पडला’ असे समजतात. फोंड्याचा विषय वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

११. जुवे नको असेल तर: दिवाडी

ज्यांना लढायांपेक्षा मध्ययुगाची ओढ अधिक आहे, त्यांनी जेवणानंतर बाणस्तारी-जुवे सोडून व्हाइसरॉयच्या कमानीमागूनच दिवाडीची फेरीबोट धरावी. चालत जाणाऱ्याला भाडे पडत नाही. पिएदादच्या टेकडीवरील दफनभूमीत कदंबकालीन शिल्पकाम असलेले छत टिकून आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वराचे मूळ मंदिर दिवाडीवरच होते. ते सोळाव्या शतकात पाडले गेले आणि लिंग पलीकडे डिचोलीतील नार्व्याला नेण्यात आले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, त्याचा शिलालेख मंदिरावर आहे. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीबोट आहे. परतीच्या फेरीची वेळ मात्र उतरतानाच विचारून ठेवा, कारण दोन्ही बाजूंना रस्त्याने वळसा बराच पडतो.

१२. परतताना पणजीत एक थांबा

पणजीत शिरल्यावर मांडवीकाठचे जुने सचिवालय बाहेरून पाहून घ्यावे. हा मुळात आदिलशाही किल्ला. १५१० च्या पावसाळ्यात अडकलेल्या गलबतांवर मारा होत होता त्यातला एक येथून आणि आल्बुकर्कने वैतागून या किल्ल्यावर छापा घातला होता. १७५९ पासून व्हाइसरॉय येथे राहू लागले, मुक्तीनंतर विधानसभा येथेच भरत असे. समोरच्या तीरावर दिसते ते बेती. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्याची एक फळी तेथे येऊन थांबली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून तिने पणजी ताब्यात घेतली. त्याच रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने शरणागतीवर सही केली.

गाईडचा हिशेब येथेच पुरा करा आणि पावती मागून घ्या. शाळेच्या सहलींना ती लेखापरीक्षणासाठी लागते. संध्याकाळी करमळीहून गाडी असेल तर हा थांबा सोडून जुव्याहूनच थेट स्थानक गाठावे, कारण सहानंतर पणजीतून बाहेर पडणारी वाहतूक फार तुंबते.